शिवणीत माया किती आहे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातवा महिना चालू आहे, पहिलं बाळ, ठाण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, हाताशी चाळीसेक हजार रुपये. कपडे, खेळणी आणि बाळाच्या खोलीतलं सामान देखणं हवं आणि सहा महिन्यांत अडगळीत जाणारं नको. मोबाइलवर दिसणाऱ्या सजवलेल्या खोल्या बघून काही सुचेनासं झालंय आणि सासूबाई म्हणताहेत, बाळ हातात आल्याशिवाय घरात नवं काही आणायचं नाही.

मी कोल्हापुरात 27 वर्षं लहान मुलांचे कपडे शिवते. आधी घरीच एका मशीनवर शिवायचे, मग छोटं दुकान झालं. गिऱ्हाइकं विचारायला लागली तशी लाकडी खेळणी आणि अंथरुणं-पांघरुणंही ठेवू लागले. सुरुवातीला ज्यांची झबली शिवली, त्यांतल्या दोघी-तिघी आता स्वतःच्या बाळाची झबली शिवून न्यायला येतात. कुठली वस्तू किती टिकली, हे मला त्या घरांतून कळत गेलं.

आमच्या कामात ‘माया’ म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड. बाहेरून ते दिसत नाही. मूल वाढलं की शिवण उसवायची, माया सोडायची, की तोच कपडा पुन्हा अंगाला बसतो. तयार कपड्यांत माया जवळजवळ नसतेच, कारण हजारो नगांमागे बोटभर कापड वाचलं तरी कारखान्याचे पुष्कळ पैसे वाचतात. मी कपडा हातात घेतला की आधी तो उलटा करते आणि आतली शिवण बघते. पाळणा असो की खेळणं, तिथेही माझी नजर हेच शोधते: हे वाढवता येईल का, उघडून दुरुस्त करता येईल का, उद्या दुसऱ्या कामाला लावता येईल का.

आधी बाळ कसं वाढतं ते बघू, कारण पैसे वाया जातात ते बहुधा इथे. जन्मतः बाळ साधारण 50 सेंटीमीटरचं असतं आणि पहिल्या वर्षात जवळपास 25 सेंटीमीटर वाढतं. वजन पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट होतं आणि वर्षाला तिप्पट. या वेगापुढे कुठलाच कपडा टिकणार नाही, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या कपड्यांवर खर्च करू नका. दोन वर्षांनंतर मात्र चित्र पालटतं. दोन वर्षांचं मूल साधारण 87 सेंटीमीटरचं असतं आणि पाचव्या वर्षी 110 च्या आसपास पोचतं. मात्र तेवढ्या काळात कंबर आणि छाती फारशी वाढत नाही. म्हणजे मूल उंच होतं, रुंद होत नाही. ज्या कपड्याची लांबी सोडता येते तो कपडा दोन-तीन वर्षं सहज जातो. चांगल्या कापडावर आणि चांगल्या शिवणीवर पैसे घालायचे ते या वयात.

आपलं परकर-पोलकं याच हिशोबावर उभं आहे. परकराला खाली तीन-चार बोटांची दुमड आणि वर कापड दुमडून घातलेल्या एक-दोन आडव्या टिपा. दर वर्षी एक टिप उसवायची. खण वापरायचा असेल तर आतून मलमलचं अस्तर हवंच, कारण त्याची जर आणि कडक काठ कोवळ्या कातडीला घासतात. फ्रॉक घेताना छातीवर स्मॉकिंग केलेला मिळाला तर जरूर घ्या. चुण्या बांधून घातलेले ते टाके छाती वाढेल तसे ताणले जातात आणि फ्रॉक आखूड झाला की तोच लेगिंगवर टॉप म्हणून चालतो. मुलाच्या चड्डीत आणि पायजम्यात नेफा बघा. इलॅस्टिक नेफ्यात ओवलेलं असेल तर ढिलं पडल्यावर दहा मिनिटांत बदलता येतं. कापडाला धरून थेट शिवलेलं असेल तर इलॅस्टिक मेलं की चड्डीही गेली. दुकानात उभ्या उभ्या बोटाने चाचपून हा फरक कळतो.

आता पहिल्या वर्षाचं बघू. झबली दहा, लंगोट दोन डझन, मलमलची दुपटी सहा, टोपडी तीन, पायमोजे चार जोड. डायपर वापरणार असाल तर लंगोट एक डझनही पुरतील. झबलं समोरून उघडणारं घ्या. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असतं, त्यामुळे डोक्यातून घालायच्या कपड्याशी आईची आणि बाळाची रोज झटापट होते. डोक्यातून घालायचंच असेल तर खांद्यावर एकावर एक कापड येणारा, ताणला जाणारा गळा हवा. गळ्याशी बंद नकोत, टोपीलाही ओढून बांधायची दोरी नको. कुंची दिसते गोड, पण ती फोटोपुरती आणि तुमच्या मांडीवर असेपर्यंतच. बाळ झोपलं की हनुवटीखालचे बंद सोडून ती काढून ठेवा.

विणीच्या, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या होजिअरीच्या कापडात इंटरलॉक मागा. ते दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, कडा गुंडाळल्या जात नाहीत आणि धुऊन आकार सुटत नाही. आपल्याकडचे असे बरेच कपडे तिरुपूरहून येतात. मागावर विणलेल्या, न ताणणाऱ्या साध्या कापडात मलमल आणि कॅम्ब्रिक. इचलकरंजी आम्हाला जवळ, त्यामुळे मी तिथलंच 60-60 कॅम्ब्रिक (उभा-आडवा दोन्ही धागे 60 नंबरचे, म्हणजे बारीक) वापरते. पहिल्या धुण्यात ते आटतं, म्हणून कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून ठेवते. तुम्ही शिंप्याकडे टाकणार असाल तर भिजवून वाळवलेलं कापडच द्या. तयार कपडा घेताना पांढरा रुमाल ओला करून गडद रंगावर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर तो कपडा बाळाच्या तोंडातही रंग सोडणार. मग शिवण दोन्ही हातांनी ओढा. टाक्यांच्या फटीतून उजेड दिसला तर पुढे बघायची गरज नाही, ठेवून द्या.

लेबलांबद्दलही विचारलं होतंत. ‘ऑरगॅनिक’ हा शब्द कोणीही छापतो. गॉट्स (GOTS) हे सेंद्रिय कापडाचं प्रमाणपत्र असेल तर त्याला अर्थ आहे. त्यात ‘ऑरगॅनिक’ म्हणवायला किमान 95 टक्के सेंद्रिय तंतू लागतात, आणि त्याची खालची पायरी 70 टक्क्यांची. ओको-टेक्स स्टँडर्ड 100 हे वेगळं प्रकरण आहे. कापूस कसा पिकवला याच्याशी त्याचा संबंध नाही, तयार कापडात घातक रसायनं नाहीत ना, एवढं ते तपासतं. त्यातला पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीचा, म्हणजे सगळ्यात कडक. दोन्ही नसतील तरी घाबरू नका. साधं सुती कापड दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून वापरलं की कारखान्यातलं बरंचसं फिनिश निघून जातं. ‘इस्त्री लागत नाही’ असं ज्याच्यावर लिहिलंय तो कपडा मात्र बाळासाठी नको. सुरकुती पडू नये म्हणून सुती कापडावर जी प्रक्रिया करतात, तिच्यात बहुधा फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन असतं.

इथे एक चूक सांगायलाच हवी, माझी स्वतःची. दुकान सुरू केलं त्या वर्षी बारशाच्या फ्रॉकवर मी पुढच्या बाजूला छोटे मोती लावायचे. ते खपायचेही भराभर. एक दिवस एक आई आली आणि तिने काउंटरवर मोती ठेवला. बाळाच्या गालात सापडला होता, तिने बोट घालून काढला. ती रागावली नाही, काही बोललीही नाही, आणि त्यानेच मला जास्त लागलं. त्या रात्री राहिलेल्या सगळ्या फ्रॉकांचे मोती मी कात्रीने काढले. तेव्हापासून तीन वर्षांखालच्या मुलाच्या कपड्यावर मोती, टिकली, चिकटवलेला खडा काहीही लावत नाही. शोभा हवी तर धाग्याची करते: पायपिंग, बारीक पिंटक्स (टीप घालून शिवलेल्या चुण्या), गळ्याला साखळी टाका, पोलक्याच्या बाहीवर चार बोटं कशिदा. याला निखळायला काही नसतं, आणि वीस वर्षांनी कपाटातून काढलं तरी ते जुनाट वाटत नाही.

देखणेपणाबद्दल माझं मत सरळ आहे. लहान अंगावर लहान नक्षी शोभते. छातीभर छापलेलं कार्टून वर्षभरात तडकतं आणि मुलाचीही आवड बदलते. घरातल्या सगळ्या कपड्यांसाठी तीनच रंग ठरवा, समजा हळदी, निळा आणि पांढरट. मग कुठलाही सदरा कुठल्याही चड्डीवर जातो आणि निम्मे कपडे पुरतात. नेटचे फुगीर फ्रॉक टाळा, ते टोचतात. आणि दिवाळीत तर नायलॉन, पॉलिएस्टर अंगावर नकोच. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. फुलबाज्या उडवताना अंगावर सुती आणि अंगासरशी बसणारा कपडा, ओढणी नाही, घेर नाही.

खेळण्यांचं आता. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नुसतं चिन्ह बघून थांबू नका. चिन्हाच्या खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. डब्यावरचं नाव आणि ते नाव जुळलं पाहिजे. नोंदणी केलेल्या हस्तकला कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना यातून सूट आहे, त्यामुळे हाताने घडवलेल्या लाकडी खेळण्यावर चिन्ह नसेल तर ते खोटं ठरत नाही. तिथे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी आणि नाकाने तपासावं लागतं.

मी काय करते सांगते. खेळणं नाकाशी नेते. थिनरचा वास आला तर परत ठेवते. ओल्या रुमालाने घासते. मग गालावरून फिरवते, कारण बोटाला न लागणारी कूस गालाला लागते. शेवटी डोळे, चाकं, गाठी ओढून बघते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यातला सुटा भाग किती लहान चालणार नाही, हे तपासायला प्रयोगशाळेत सुमारे 32 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. घरी टिश्यू पेपरच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी घ्या. ती याहून जरा मोठी असते, म्हणजे चाचणी कडकच होते. त्या नळीतून जे आरपार जातं ते बाळापासून दूर ठेवायचं. दोरी ओढायची खेळणी असतील तर दोरी वीतभराहून लांब नको.

सावंतवाडीला गेलात तर चितारआळीत अर्धा दिवस काढा. लाकडी आंबे, केळी, वांगी, भातुकली, भोवरे, सगळं तिथे मांडलेलं असतं. फळं आणि भातुकली तीन वर्षांपुढच्या मुलाला उत्तम. त्याआधी तोंडात घालायच्या वयात मी कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी देते. काळ्या कुड्याचं लाकूड चरकावर (लेथवर) फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, मग पानाने घासून चकाकी आणतात. रंग वरून फासलेला नसल्यामुळे पोपडे निघत नाहीत. हीच खेळणी स्वस्तात रंगवूनही विकतात, तेव्हा विकणाऱ्याला ‘लाख आहे का पेंट?’ असं थेट विचारा. लाखेच्या खेळण्याला एक बंधन: पाण्यात बुडवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं.

लाकूड चांगलं आणि प्लास्टिक वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. लेगोचे 1958 सालचे ठोकळे आजच्या ठोकळ्यांत बसतात. तेही प्लास्टिकच आहे. ते खेळणं तीन पिढ्या वाढवता येतं, त्याच्यात माया भरपूर. उलट, बटण दाबलं की तीन गाणी म्हणणारं खेळणं पंधरा दिवसांत संपतं. मुलाला त्याच्याशी करण्यासारखं काही उरतच नाही. अशा खेळण्यांत बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या असतात. त्या गिळल्या गेल्या तर दोन तासांत अन्ननलिकेला भाजल्यासारखी जखम होऊ शकते. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं घरात नको, पाहुण्यांनी आणलं तरी. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा. छोट्या, जबर ताकदीच्या लोहचुंबकांचंही तसंच.

पहिल्या वर्षाला किती खेळणी लागतात? एक खुळखुळा, एक कापडी बाहुली जिचे डोळे धाग्याने शिवलेले आहेत, चार-पाच लाकडी कड्या, एक कापडी चेंडू. बाकी वाटी, चमचा आणि डब्याचं झाकण हे स्वयंपाकघरातून मिळतंच. चालायला लागलं की पांगुळगाडा. तीन चाकांचा, मूल ज्याला धरून उभं राहतं आणि पुढे ढकलतं तो. बसवून ठेवायचा प्लास्टिकचा वॉकर घेऊ नका, कोणी भेट दिला तरी वापरू नका. त्यात मूल पायऱ्यांवरून आणि गरम भांड्यांपर्यंत क्षणात पोचतं. कॅनडाने 2004 मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. पांगुळगाडा घेताना तो बुडाशी जड आहे का बघा. दांड्याला धरून मूल उभं राहिलं आणि तो उलटला, तर तो काही कामाचा नाही.

खोलीतल्या सामानात दोनच गोष्टींवर मन लावून खर्च करा: झोपायची जागा आणि कपाट. पाळणा किंवा कॉट असेल तर गजांमधली फट 6 सेंटीमीटरहून जास्त नको. गादी घट्ट हवी आणि तिच्या कडेला बोटं जातील एवढीही जागा नको. पहिलं वर्षभर आत उशी, लोड, मऊ खेळणी, बाजूच्या गाद्या काही नाही, आणि बाळ पाठीवरच झोपवायचं. फोटोतले ते उशांनी भरलेले पाळणे बघून तसं करू नका. मोहरीच्या उशीबद्दल घरातून आग्रह होईल. बाळाच्या डॉक्टरांसमोर सासूबाईंना घेऊन बसा आणि त्यांनाच सांगू द्या.

घराण्यातला जुना पाळणा मिळत असेल तर लाकूड बहुधा सागाचं किंवा शिवण नावाच्या झाडाचं असतं, आजच्या पैशांत परवडणार नाही असं. पण त्यावरचा रंग विचारून घ्या. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या वर नको हा नियम लागू झाला 1 नोव्हेंबर 2017 ला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही, आणि दात येताना मुलं पाळण्याची कड चावतात. तो रंग घरात घासायचा नाही, धूळ बसते आणि तीच जास्त घातक. सुताराकडे देऊन, बाहेर उतरवून, नवा रंग चढवून, आठ-दहा दिवस वारा खाऊ द्या. भेगा, हललेले सांधे, वर आलेले खिळेही त्यालाच बघायला सांगा.

कपाट ‘बेबी’ म्हणून विकलं जाणारं घेऊ नका. ससे-अस्वलं रंगवलेलं कपाट पाचव्या वर्षी मुलालाच नको होतं. साधं, कप्प्यांचं, हलक्या रंगाचं घ्या. त्याच्यावर गादीचा तुकडा ठेवला की आत्ता कपडे बदलायची जागा, पुढे वह्या-पुस्तकांचं कपाट. ठाण्याच्या पावसाळ्यात पार्टिकल बोर्ड फुगतं आणि बिजागरी एकदा उपटली की पुन्हा स्क्रू धरत नाही. बरं प्लायवुड घ्या, बोर्डच घ्यायचा तर ‘ई-1’ (म्हणजे फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारा) किंवा त्याहून चांगल्या प्रतीचा विचारा आणि बाळाच्या खोलीत ठेवण्याआधी महिनाभर दुसरीकडे दारं उघडी ठेवून वास जाऊ द्या. आणि कुठलंही कपाट असो, ते भिंतीला पट्टीने ठोकून घ्या. मुलं खण ओढून त्यावर चढतात आणि कपाट अंगावर येतं. चाळीस हजारांतला हा सगळ्यात छोटा खर्च आहे, तो राहून जाऊ देऊ नका. गाडी असेल तर कारमधली बाळाची सीट नवी घ्या, ती कोणाची जुनी घेऊ नका. अपघातात सापडलेली सीट बाहेरून ओळखू येत नाही.

सासूबाईंचं म्हणणं राहिलं. मला त्यांचं पटतं. बाळाला पहिल्यांदा जुनं, कोणाच्या तरी बाळाने वापरलेलं घालायचं, ही आपली रीत आहे, आणि शिवणारी म्हणून सांगते, पन्नासदा धुतलेल्या झबल्याइतकं मऊ नवं झबलं मी शिवू शकत नाही. ओळखीतल्या धडधाकट मुलाचे कपडे मागून घ्या, गरम पाण्यातून काढा, टिचबटणं ओढून बघा, सैल झालेली कापून त्या जागी बंद शिवा, गळ्याशी सोडून. बारशापर्यंत तेवढं पुरतं. कपाट आणि कॉट आत्ता ठरवून पैसे भरून ठेवा, माल बाळ आल्यावर घरी मागवा, दुकानदार ऐकतात.

एक काम मात्र आत्ताच करा. सासूबाईंकडे आणि आईकडे एकेक जुनी, वापरून मऊ झालेली सुती साडी मागा. आमच्याकडे तिची वाकळ होते, तुमच्याकडे गोधडी म्हणतील. आत साडीच्या घड्या, वरून धावदोरा. बाळाला तीन हात बाय दोन हात पुरे, फार जाड नको, दोन घड्यांचीच, नाहीतर पावसात वाळत नाही. ती खाली अंथरायला, मांडीवर घ्यायला. पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाच्या तोंडावर येईल अशी पांघरायची नाही. दोन साड्यांतून दोन वाकळी निघतात, एक धुण्यात, एक वापरात. हाताने शिवून मिळायला पंधरा-वीस दिवस लागतात आणि तुम्हाला सातवा लागलाय. नवं काही घरात येत नसल्यामुळे सासूबाईही हरकत घेणार नाहीत. साडी निवडायला त्यांनाच सांगा.